ठासणीच्या बंदुकीचा पल्ला



काचीगुड्याहून सुलतान बाजार, कोठी, आबिद असे करत निघाले, की पायी तासाभराच्या आत माणूस गनफौंड्रीला पोचतो. जुनी मंडळी या जागेला ‘तोप का सांचा’ म्हणत. मोस्यू रेमाँ या फ्रेंच सरदाराने १७८६ साली निजाम अलीखानासाठी इथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला. याच रेमाँच्या कवायती पलटणी मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या मैदानात पेशव्यांच्या फौजेसमोर उभ्या होत्या. आपण हैदराबादी मराठी माणसे आहोत. आपल्यापैकी काहींचे पूर्वज त्या दिवशी अलीकडे असतील, तर काहींचे पलीकडे.

खर्ड्याची हकीकत आपण अनेकदा ऐकली आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांचा मोर्चा, शिंद्यांच्या कवायती पलटणी, निजामाचे खर्ड्याच्या किल्ल्यात जाणे आणि पुढचा तह हे सारे शाळेपासून परिचयाचे आहे. मात्र त्या दिवशी शिपायांच्या हातात जी बंदूक होती, ती किती अंतरावर नेमकी लागत होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज त्याच प्रश्नाकडे पाहायचे आहे, आणि तेही लढाईपेक्षा शिकारीच्या अंगाने. लढाईत एकावर धरलेला बार चुकला तर शेजारच्याला लागतो आणि सेनापतीचे काम होऊन जाते. जंगलात बार जरासा चुकला, तर जनावर जखम घेऊन पळते. त्या जखमेचा हिशेब कोणत्याही बखरीत नसतो.

जैन घरातल्या होमिओपॅथिक डॉक्टराने शिकारीच्या बंदुकीवर बोलावे, याचे नवल वाटणे साहजिक आहे. आमच्याकडे सप्तव्यसनांच्या यादीत शिकार जुगाराच्या आणि चोरीच्या पंक्तीला बसवली आहे, तेव्हा तिची भलामण करण्याचा प्रश्नच नाही. पण हिंसेविषयी बोलताना आपण बहुधा मनातल्या हेतूविषयीच बोलतो. हाताची पोच किती लांबली आणि कशाने लांबली, हेही पाहायला हवे. गेल्या दोन शतकांत दख्खनच्या आणि सातपुड्याच्या रानांचे जे झाले, त्यात हेतूइतकाच या पोचेचा वाटा आहे.

आधी ठासणीची बंदूक म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आजच्या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने घालतात. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते. तिच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी सोडायची, आणि लांब गजाने दोन्ही ठासून बसवायची. मागच्या कानापाशी बारीक दारू, म्हणजे रंजक, ठेवायची आणि ती पेटवायची. पेटवण्याच्या रीती काळानुसार बदलल्या. प्रथम जळता तोडा, मग चकमकीचा दगड, आणि १८३०–४० च्या सुमारास तांब्याची छोटी टोपी. भरण्याची रीत मात्र तीनशे वर्षे तीच राहिली. दारूही तीच: सोरा, गंधक आणि कोळसा. आपल्याकडे कोळशासाठी तुरीच्या काड्याही जाळत. ही काळी दारू जळाली, की तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी होऊन उरतो. काजळी नळीत चिकटते. चार-सहा बार झाले, की घट्ट बसणारी गोळी आत जाईनाशी होते. पुढच्या सगळ्या कथेचे मूळ या काजळीत आहे, हे लक्षात असू द्यावे.

आता तोड्याची बंदूक. आपल्याकडचे लोहार लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून तिची नळी करत. या नळ्या लांब आणि जाड अंगाच्या असत. जाड असल्याने त्यांत जास्त दारू भरता येई आणि गोळी दूरवर जाई. अफगाणांच्या लांब जेजालांनी पहिल्या अफगाण युद्धात इंग्रजी पलटणींना आपल्या बंदुकींच्या टप्प्याबाहेरून सतावले, ते याच गुणावर. पण दूर जाणे वेगळे आणि दूरवर नेमके लागणे वेगळे. तोडा सतत जळता ठेवावा लागे. त्याचा वास वाऱ्यावर जाई, अंधारात त्याचा ठिपका दिसे, आणि चाप ओढल्यावर रंजक पेटून बार उडेपर्यंत क्षणभराचा वेळ जाई. तेवढ्यात सावध हरीण जागचे हललेले असे.

म्हणून गावचा शिकारी लांबून मारण्याच्या फंदात पडत नसे. पाणवठ्यावर, वाऱ्याची दिशा पाहून, झाडावर मचाण बांधून तो रात्र काढी आणि वीस-तीस पावलांवर जनावर आले की बार टाकी. गोळी शिशाची असेच असे नाही. लोखंडाचे तुकडेही चालत. त्याचे खरे शस्त्र म्हणजे वाट पाहणे. फासेपारधी तर बंदुकीशिवाय, नुसत्या फाशांवर काम भागवत. या माणसांना अहिंसक म्हणता येणार नाही, पण त्यांच्या हाताची पोच त्यांच्या कानाडोळ्यांच्या पोचेपुरतीच होती. रात्रभर बसून एक बार टाकणाऱ्याने रान रिकामे होत नाही.

कंपनीच्या आणि रेमाँच्या पलटणींकडे होती ती चकमकीची बंदूक. इंग्रजांची प्रसिद्ध ‘ब्राउन बेस’ घ्या. तिच्या नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर आणि गोळीचा सुमारे साडेसतरा. ही दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली होती. काजळी चढलेल्या नळीतही गोळी सरकन खाली जावी आणि शिपायाला मिनिटाला तीन बार काढता यावेत, हा हेतू. पण फटीमुळे गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिकडे झुके. कर्नल जॉर्ज हँगर या इंग्रज अधिकाऱ्याने १८१४ साली स्वच्छ लिहून ठेवले, की साधारण मस्केटने ८० वारांवर, फार तर १०० वारांवर माणूस टिपता येईल. दीडशे वारांवर नेम धरलेल्याच बंदुकीने जखमी होणारा माणूस फारच कमनशिबी म्हणायचा. खर्ड्याला शेकडो बंदुका एकदम झाडत, त्याचे कारण हे. एकेका बंदुकीचा भरवसा नव्हता, भरवसा रांगेचा होता.

शिकाऱ्यामागे मात्र रांग नसते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा गोरा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीत शिरला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. निजामाच्या मुलखातली ही लेणी बाहेरच्या जगाला ठाऊक झाली ती अशी. त्याने दहाव्या लेण्यात कोरलेले आपले नाव आणि तारीख अजून तिथे आहे. त्या काळची शिकारीची बंदूक ठासणीचीच. तिच्या भरवशावर वाघापुढे जायचे तर अंतर शंभर पावलांहून पुष्कळ कमी हवे, आणि बार चुकल्यावर पुन्हा ठासायला वेळ मिळेल याची खात्री नाही. त्या काळच्या शिकारकथांत धैर्याची वर्णने पुष्कळ असतात, त्यांतला बराच भाग बंदुकीच्या या उणिवेतून आलेला आहे.

उपाय माहीत नव्हता असे नाही. नळीच्या आतून स्क्रूसारखे आटे पाडले, की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरणारी वस्तू भोवऱ्याप्रमाणे आपली रेषा सोडत नाही. युरोपात हे सोळाव्या शतकापासून ठाऊक होते. अडचण अशी, की आट्यांत गोळी पकडली जायला ती घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट गोळी काजळी चढलेल्या नळीत ठासता येत नाही. तेलकट कापडाच्या चकतीत गोळी गुंडाळून ठासणे हा शिकाऱ्यांचा तोडगा होता. तो चांगला होता, पण सावकाशीचा. १८३७ च्या सुमारास इंग्रज फौजेने ब्रन्सविक रायफल आणली. तिच्या गोळीला मधोमध उठावाचा पट्टा होता आणि नळीत त्या पट्ट्यासाठी दोन खोल खाचा. काही बार झाले, की तीही ठासताना शिपायाच्या नाकी नऊ येत.

या कोड्याचे उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्याला आपल्याच दक्षिणेत सुचले असे सांगतात. ३४ व्या पलटणीचा कॅप्टन जॉन नॉर्टन दक्षिण हिंदुस्थानात असताना त्याने इथल्या लोकांची फुंकनळी पाहिली. नळीतून फुंकून मारायच्या त्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे. फुंकर बसली की गाभा फुगे, नळीच्या भिंतीला चिकटून बसे आणि हवा वाया जात नसे. नॉर्टनने १८२३ च्या सुमारास त्याच तत्त्वावर बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी केली. ती आत सैल जाई. दारू पेटली की तिचे बूड पसरून आट्यांत पकडले जाई. इंग्रज सरकारने ती नाकारली. १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए याने तीच कल्पना यशस्वी केली आणि गोळीला नाव त्याचे लागले. एनफिल्ड रायफल आली ती यातूनच, १८५३ साली.

एनफिल्डची गोळी सैल जाण्यासाठी आणि काजळी मऊ राहण्यासाठी काडतुसाच्या कागदाला चरबी लावत. ती चरबी कशाची, या प्रश्नावर १८५७ साली काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते एवढेच, की काडतुसाला चरबी लावावी लागली ती नेमकेपणासाठी. लांबवर अचूक मारता यावे म्हणून गोळी घट्ट बसवायची आणि घट्ट गोळी चालावी म्हणून वंगण लावायचे. त्याच वर्षी १७ जुलैला तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी आपल्या कोठीच्या रेसिडेन्सीवर चाल केली. भिंतीसमोरच्या घरांत शिरून त्यांनी गोळीबार मांडला. रेसिडेन्सीच्या तोफांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. ज्या रस्त्याने आपण कोठीला पुस्तके घ्यायला जातो, तिथल्या हवेतून तेव्हा ठासणीच्या बंदुकींच्या गोळ्या गेल्या आहेत.

लांबट गोळीने पल्ला एकदम वाढला. एनफिल्डच्या मागच्या निशाणीवर ९००–१००० वारांपर्यंतच्या खुणा होत्या. मुंबई इलाख्याच्या तोफखान्यातला जॉन जेकब हा तर त्याहून पुढे गेला. सिंधमध्ये, त्याच्याच नावाने वसलेल्या जेकबाबादेत, त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले, चार आट्यांची दुनळी रायफल बनवून घेतली आणि तिच्या निशाण्या २००० वारांपर्यंत आखल्या. त्याने टोकात स्फोटक भरलेल्या गोळ्याही केल्या. १८५८ मध्ये तो वारला. शिपायाच्या दृष्टीने हा सगळा विजयच होता. दोन हजार वारांवर शत्रूचा दारूगोळ्याचा गाडा उडाला, की काम झाले; गाड्याला जखमी होऊन झुडपात शिरता येत नाही.

शिकाऱ्यांनीही उत्साहाने लांबट गोळी उचलली. मग तक्रारी सुरू झाल्या: जनावराला गोळी लागलेली दिसते, तरी ते पळून जाते. मध्य प्रांतात, सातपुड्याच्या रानांत काम करणाऱ्या एका तरुण अधिकाऱ्याने या तक्रारीचा शास्त्रशुद्ध विचार केला. त्याचे नाव जेम्स फोरसिथ. रिचर्ड टेंपलच्या कारकिर्दीत हा वनखात्याच्या कामावर होता. पचमढीचे ‘बायसन लॉज’ त्याने बांधले. पुढे खंडवा, बऱ्हाणपूर, असीरगड ज्यात येतात त्या निमाड जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम त्याने केले. बऱ्हाणपूरकडचे लोक आपल्यासारखेच सीमेवरचे मराठी बोलणारे, म्हणून हा मुलूख आपल्याला परका नाही. फोरसिथचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी, ऐन तिशीत, तो वारला. त्याआधी १८६० च्या दशकात त्याने शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक लहान पुस्तक लिहिले होते. आपल्या विषयाचा गाभा त्या पुस्तकात आहे.

फोरसिथचा मुद्दा समजायला थोडे गणित करू. बंदुकीतून सुटलेली गोळी सरळ जाते हा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. हिशेब सोपा राहावा म्हणून तिचा वेग सर्व वाटभर सेकंदाला ३५० मीटर धरू. १०० वारांवर पोचेपर्यंत ती सुमारे ३३ सेंटीमीटर खाली येते. २०० वारांवर मात्र ६६ नव्हे, तर सुमारे १३४. अंतर दुप्पट तर घसरण चौपट. आता निशाणी १५० वारांना बसवली आहे आणि समोरचे चितळ शिकाऱ्याला १५० वारांवर वाटते आहे, पण ते खरोखर २०० वारांवर आहे असे समजा. गोळी त्याच्या छातीच्या जागेपेक्षा ३० सेंटीमीटरहून अधिक खाली जाईल. चितळाचे काळीज-फुप्फुस एवढेच लक्ष्य धरले, तर ते पसरलेल्या पंजाहून फार मोठे नसते. इथे गोळी पायाला लागेल. तीन पायांवर पळणारे जनावर दिवस-दोन दिवसांनी कुठेतरी मरेल, किंवा मरणार नाही, कुजत राहील.

हाच वेग ४५० मीटर केला, तर त्याच चुकीने गोळी सुमारे २० सेंटीमीटर खाली लागेल. म्हणजे वेगवान गोळी अंतराच्या अंदाजातली चूक पोटात घालते. रानात अंतराचा अंदाज नेहमीच चुकतो. दरी मध्ये आली की जनावर जवळ वाटते, सावलीत उभे असले की दूर वाटते. आणि मोजून पाहायला ते थांबत नाही.

वेग वाढवायचा तर दारू वाढवायला हवी. इथे आट्यांचा प्रश्न पुन्हा येतो. जास्त दारूच्या धक्क्याने मऊ शिशाची गोळी वेगाने ढकलली गेली आणि आटे झटपट वळणारे असले, तर गोळी आट्यांत न फिरता त्यांच्यावरून घसरते आणि नेम पार बिघडतो. एनफिल्डच्या आट्यांचे एक पूर्ण वळण साडेसहा फुटांत होते, आणि तिची दारू अडीच ड्रॅम, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर. फोरसिथने उलट्या बाजूने विचार केला. लांबट गोळी कोलमडू नये म्हणून तिला जोरात फिरवावे लागते. गोल गोळीला पुढची-मागची बाजूच नाही, तेव्हा तिला थोडी फिरकी पुरे. त्याने १४ बोअरच्या रायफलीत आट्यांचे एक वळण ८ फूट ८ इंचांत ठेवले. दोन फुटांच्या नळीतून जाताना गोळी पाव वळणसुद्धा पुरे करत नाही. एवढ्या सौम्य आट्यांतून पाच ड्रॅम, म्हणजे जवळजवळ नऊ ग्रॅम दारू सुखाने झाडता येते. मात्रेचा विचार करण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या मांडणीचे कौतुक वाटते: एक गोष्ट कमी केल्याने दुसरी वाढवता आली.

‘१४ बोअर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या १४ गोळ्या होतील एवढ्या व्यासाची नळी. तिच्या गोळीचे वजन भरते सुमारे ३२ ग्रॅम आणि व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या जवळपास. आता मागे वळून पाहा. ब्राउन बेसच्या गोळ्या पौंडाला साडेचौदा होत. म्हणजे गोळी जवळजवळ तीच! ज्या शिशाच्या गोट्याचा ८० वारांपलीकडे भरवसा नव्हता, तोच कापडाच्या चकतीत नीट बसवून, सौम्य आट्यांतून, भरपूर दारूने सोडला, की १५० वारांपर्यंत निशाणी न बदलता जाई. एनफिल्डची लांबट गोळी वजनाला सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे तोलामोलाचीच, पण अंगाने बारीक आणि संथ. ती हजार वारांवरही जीव घेऊ शकते. गोल गोळीला हवा लवकर अडवते आणि तिचा जोर लांबवर टिकत नाही. फोरसिथने हा तोटा जाणूनबुजून पत्करला. त्याच्या हिशेबाने हिंदुस्थानच्या रानात दीडशे वारांपलीकडे बार टाकण्याचे प्रसंग थोडे, आणि तिथवर गोल, जाड गोळी मोठी जखम करून जनावराला जागीच बसवते.

ज्या अंतरावर गोळी पोचते तो एक पल्ला, आणि ज्या अंतरावर मारणाऱ्याला परिणामाची हमी देता येते तो दुसरा. जेकबने पहिला दोन हजार वारांवर नेला. फोरसिथने दुसरा दीडशेवर आखला आणि त्यासाठी पहिला सोडून दिला. दोघेही एकाच कंपनीच्या फौजांतून आलेले, दोघांनाही गणित येत होते. फरक त्यांनी विचारलेल्या प्रश्नात होता. मी फोरसिथला अहिंसक ठरवत नाही. त्याने गवे, वाघ, हरणे भरपूर मारली. पण जखमी होऊन निसटलेले जनावर ही बंदूकवाल्याची नामुष्की आहे, एवढी जाणीव त्याच्या आकड्यांच्या मागे दिसते.

ही जाणीव माणसांच्याही हिताची होती. जिम कॉर्बेटने कुमाऊँतल्या अनुभवावरून सांगितले, की वाघ नरभक्षक होण्याच्या बहुतेक प्रकरणांच्या मुळाशी जखम किंवा म्हातारपण असते, आणि त्या जखमांतल्या कित्येक निष्काळजी गोळ्यांच्या असतात. कोणा साहेबाने अडीचशे वारांवरून हौसेने टाकलेल्या बाराची किंमत पुढे सरपणाला गेलेल्या बाईने मोजलेली असू शकते. कॉर्बेट स्वतः लहानपणी ठासणीच्या दुनळी बंदुकीवर शिकला. तिची एक नळी चिरलेली होती, तेव्हा बार एकच. एकच बार असलेला मुलगा जवळ जायला शिकतो.

फोरसिथची रायफल फार काळ टिकली नाही. लंडनच्या पर्डी कंपनीने १८५६ पासूनच हलकी लांबट गोळी आणि भरपूर दारू असा मेळ घातलेल्या ‘एक्स्प्रेस’ रायफली काढल्या होत्या. नाव आगगाडीवरून घेतलेले. मागून काडतूस भरण्याची सोय १८६० नंतर पसरली आणि काजळीची जुनी अडचण मिटली. गजाने ठासणे गेले, त्याबरोबर बाराबारामधला तो सक्तीचा विराम गेला. शतकाच्या अखेरीस धूर नसलेली दारू आली. आता सरळ, लांब, अचूक आणि लागोपाठ मारता येऊ लागले. तोड्याच्या शिकाऱ्याला घालून दिलेल्या सगळ्या मर्यादा तीस-चाळीस वर्षांत उठल्या.

गोळीच्या निवडीचा एक प्रसंग डॉक्टर म्हणून मला नेहमी अस्वस्थ करतो. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग इथे युरोपच्या राष्ट्रांनी ठरवले, की ४०० ग्रॅमहून हलकी स्फोटक गोळी युद्धात वापरायची नाही. १८९९ मध्ये हेग इथे अंगात शिरून पसरणाऱ्या गोळीवरही बंदी घातली गेली. त्या गोळीला नाव मिळाले होते आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्याचे. कारण सांगितले गेले, की अशा गोळ्यांनी माणसाला विनाकारण जास्त यातना होतात. शिकारीत मात्र पसरणारी गोळीच योग्य, कारण तिने जनावर लवकर मरते आणि यातना कमी होतात. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. शिपायाला जखमी करून भागते, शिकारीला मारावेच लागते. एकच शिसे एका ठिकाणी क्रूर आणि दुसऱ्या ठिकाणी दयाळू ठरते. यातून निघणारा अर्थ मला एवढाच दिसतो, की दया गोळीत नसते. ती कुठे, कशासाठी आणि किती जवळून वापरली यावर पुढचे सारे ठरते.

आपल्या हैदराबादेत या नव्या काळाचे प्रतिनिधी म्हणजे सहावे निजाम मीर महबूब अलीखान. १८६९ ते १९११ हा त्यांचा काळ. नेमबाज म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांच्या शिकारतळांची छायाचित्रे राजा दीनदयाळ यांनी काढली आहेत. सरधन्याच्या जैन घराण्यातला हा माणूस तंबू, हत्ती, पाहुणे आणि समोर मांडलेले वाघ यांच्याकडे आपला कॅमेरा रोखून उभा राहिला. त्याच्या मनात काय चालले असेल ते सांगता येत नाही, पण त्याच्या काचांवर जे उमटले ते पुरावा म्हणून आपल्याकडे आहे. अशा चित्रांत मारलेली जनावरे दिसतात. जखमी होऊन गेलेली दिसत नाहीत.

ठासणीची बंदूक मात्र संपली नाही. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ती आजही घराघरांत आढळते. रानडुकरे एका रात्रीत भाताचे शेत उलथून टाकतात, तेव्हा शेतकरी काय करील? आमच्या शास्त्रात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. हौसेची शिकार संकल्पी, ती गृहस्थानेही टाळायची. पीक आणि जीव राखताना जी घडते तिच्याकडे शास्त्र वेगळ्या नजरेने पाहते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही साधारण हाच भेद धरला: हौसेची शिकार बंद, आणि पीक किंवा माणूस धोक्यात आला तर ठरावीक जनावरांबाबत, ठरावीक अधिकाऱ्याच्या परवानगीने सूट. अडीच हजार वर्षांपूर्वीचा विचार आणि संसदेचा कायदा एकाच बांधावर येऊन उभे राहिले, ही लहान गोष्ट नाही.

शेवटी आपल्या शहराकडे येतो. विजयवाड्याच्या रस्त्यावर वनस्थलीपुरम आहे. तिथले रान पूर्वी निजामाचे शिकारीचे राखीव रान होते. भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली त्या निमित्ताने १९७५ मध्ये तिथे काळविटांसाठी राखीव वन केले आणि त्याला ‘महावीर हरिण वनस्थली’ हे नाव दिले. क्षेत्र साडेचौदा चौरस किलोमीटर, आणि आता चहूबाजूंनी शहर. आपल्यापैकी पुष्कळांनी मुलांना तिथे नेले असेल. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक करून पाहा. काळवीट दिसला, की तो किती वारांवर आहे याचा अंदाज मनाशी बांधा आणि मग सोबतच्या मुलांना वेगवेगळा अंदाज करायला सांगा. कोणाचेच आकडे जुळणार नाहीत. फोरसिथने आपले सगळे गणित त्या न जुळणाऱ्या आकड्यांवर उभे केले होते, आणि त्या न जुळण्याची किंमत ज्याने मोजली, त्याचे वंशज समोर चरत असतील.